पाहणी झाली, पुढे काय? : शहरी वस्त्यांमधील सामाजिक संशोधनाचा आढावा

मुंबईच्या एखाद्या वस्तीत वही किंवा टॅब घेऊन कोणी शिरले की पहिला प्रश्न वस्तीच विचारते : "सर्वे कशाचा आहे?" पाडकामाचा, पुनर्वसनाच्या पात्रतेचा, लसीकरणाचा, कॉलेजच्या प्रबंधाचा की एखाद्या संस्थेच्या प्रकल्पाचा? दारात उभी असलेली बाई त्यावरून ठरवते की घरात माणसे किती सांगायची, इथे कधीपासून राहतो म्हणून सांगायचे, पोटमाळ्यावरच्या भाडेकरूचे नाव घ्यायचे की नाही. सर्वेचा हेतू आणि उत्तरातला खरेपणा यांची अशी गाठ पहिल्या मिनिटालाच पडते.

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती. एवढ्या मोठ्या लोकसमूहाचे जगणे सुधारण्यासाठी सामाजिक संशोधनाचा उपयोग व्हावा, हा विचार नवा नाही. तो शंभर वर्षांहून जुना आहे. या काळात संशोधनाच्या पद्धती बदलल्या आणि संशोधन कोणी करायचे याविषयीची मतेही बदलली. मुख्यतः मुंबई-पुण्याच्या आधारे या वादाची पार्श्वभूमी, त्यातल्या प्रमुख भूमिका आणि अजून न सुटलेले प्रश्न यांचा हा आढावा आहे.

पार्श्वभूमी : प्लेगपासून पुण्याच्या पाहणीपर्यंत

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दोनच वर्षांनी 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या वस्त्यांत रोग राहतो, तेव्हा त्या पाडून रुंद रस्ते काढावेत, अशी ट्रस्टची धारणा होती. जेवढी घरे पाडली गेली तेवढी वेळेवर बांधली गेली नाहीत आणि हुसकावलेली कुटुंबे शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहू लागली. वस्ती समजून न घेता केलेल्या सुधारणेचा हा पहिला मोठा धडा.

याच सुमारास पाश्चात्त्य शहरांत वस्तीच्या अभ्यासाची शिस्त आकाराला येत होती. चार्ल्स बूथ यांनी १८८६ पासून लंडनच्या गल्ल्या आर्थिक स्थितीप्रमाणे रंगवलेले नकाशे तयार करायला घेतले. शिकागोच्या हल हाउसमधल्या स्त्रियांनी आपल्या परिसराचे नकाशे आणि लेख १८९५ मध्ये प्रसिद्ध केले. डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी १८९९ मध्ये फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीचा घरोघर फिरून केलेला अभ्यास मांडला आणि तिथल्या हलाखीची मुळे इतिहासात व भेदभावात दाखवली. समाजाला लागलेला रोग वस्तीत दिसतो, वस्ती स्वतः रोग नसते, ही समज या अभ्यासांतून पुढे आली.

नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. आधी पाहणी, मग निदान आणि शेवटी उपचार, असा क्रम त्यांनी घालून दिला. सरसकट पाडापाडी करण्याऐवजी मोडकळीस आलेली मोजकी घरे काढून हवा-उजेडाला वाट करून द्यावी, असे ते सांगत. ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ पासून गिरणगावात काम करत होती. सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचे मुंबईतील मजुरी आणि घरे यांवरचे पुस्तक १९२५ मध्ये आले. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहुड हाउस उभे केले आणि तिथेच १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा, म्हणजे टिसचा, जन्म असा वस्तीतल्या एका केंद्रात झाला.

पुण्यात धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३६-३७ मध्ये शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला, नंतर ना. वि. सोवनी आणि सहकाऱ्यांनी फेरपाहणी केली. एकाच शहराकडे काही वर्षांनी पुन्हा जाऊन काय बदलले ते पाहण्याची ही रीत भारतात दुर्मिळ होती. दुर्दैवाने ती आजही दुर्मिळच आहे.

मोजणीला आलेले कायद्याचे वजन

इथवर पाहणीचा वाचक होता अभ्यासक किंवा अधिकारी. १९७० च्या दशकात हे चित्र पालटले. १९७१ मध्ये महाराष्ट्राचा झोपडपट्टी कायदा आला आणि जानेवारी १९७६ मध्ये मुंबईत झोपड्यांची गणना झाली. घरांवर नंबर पडले, कुटुंबांना फोटोपास मिळाले. मोजणीत नाव असणे ही आता मिळकत झाली. मात्र ती पुरेशी नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात ट्रॉम्बेजवळची जनता कॉलनी हटवून तिथल्या लोकांना चीता कॅम्पला नेण्यात आले. त्याविरुद्धच्या लढ्यातून जोकिन अर्पुथम यांचे नेतृत्व पुढे आले.

१९८१ मध्ये पदपथांवरील झोपड्या हटवण्याची मोहीम निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'ओल्गा टेलिस' खटल्याचा निकाल जुलै १९८५ मध्ये लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले, पण रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्यास आडकाठी केली नाही. १९७६ च्या गणनेत नोंद होऊन ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, असेही निकालात होते. पदपथावरची कुटुंबे त्या गणनेत जवळपास नव्हतीच. वहीतली एक ओळ असण्या-नसण्याचा अर्थ शहराला त्या दिवशी कळला.

त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने भायखळा परिसर आणि काही प्रमुख रस्त्यांवरील सुमारे ६,००० पदपथवासी कुटुंबांची मोजणी केली. ही माणसे काल आलेली नाहीत, ती कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात आणि शहराची स्वस्त मजुरी तीच करतात, हे त्यातून पुढे आले. या कामातून 'महिला मिलन' उभे राहिले. पदपथावरच्या बायका स्वतःची बचत, स्वतःची यादी आणि स्वतःच्या घराचा आराखडा घेऊन अधिकाऱ्यांसमोर बसू लागल्या. पुढे १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २००० अशा पात्रतेच्या तारखा आल्या आणि प्रत्येक सर्वे 'पात्र' आणि 'अपात्र' या दोन रकान्यांशी जोडला गेला. आजचा वाद या पार्श्वभूमीवर चालू आहे. त्यात ढोबळमानाने चार भूमिका दिसतात.

पहिली भूमिका : नेमके मोजा, नकाशावर आणा

या भूमिकेतील अभ्यासकांचे म्हणणे असे : शहराला आपल्या वस्त्या नीट माहीतच नाहीत. सरासरीच्या आकड्यात गरीब भाग बुडून जातात, म्हणून वॉर्डनिहाय आणि घरनिहाय माहिती हवी.

'मुंबई मानव विकास अहवाल २००९' हे याचे ठळक उदाहरण. त्यात एम-पूर्व वॉर्डाचा मानव विकास निर्देशांक ०.०५, म्हणजे शहरात सर्वांत कमी, निघाला. १९२७ पासूनचा देवनारचा कचरा डेपो, कत्तलखाना, शिवाजीनगर आणि शहरभरातून हलवलेल्या लोकांच्या वसाहती, हे सारे याच वॉर्डात आहे. टिसचे आवारही याच वॉर्डात. संस्थेने २०११ मध्ये एम-पूर्वसाठी दीर्घ प्रकल्प हाती घेऊन वॉर्डाची पायाभूत पाहणी केली. एका आकड्याने शहराचे लक्ष एका भागाकडे वळवले, हे यातून मान्य करावे लागते.

पुण्यातील 'शेल्टर असोसिएट्स' ही प्रतिमा जोशी यांची, १९९३ मध्ये स्थापन झालेली संस्था वस्त्यांचे घरनिहाय नकाशे करते. कोणत्या घरात शौचालय नाही आणि मलवाहिनी कोणत्या गल्लीपर्यंत आली आहे, या दोन गोष्टी एकाच नकाशावर आल्या की काम कुठून सुरू करायचे ते दिसते. संस्था साहित्य दारापर्यंत पोहोचवते, बांधकामाचा भार कुटुंब उचलते. इथे संशोधन आणि काम यांच्यात अंतर उरत नाही.

कोविडच्या काळात, जुलै २०२० मध्ये, मुंबईतील तीन वॉर्डांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के आणि बाहेर सुमारे १६ टक्के लोकांत संसर्गाची खूण आढळली. सामायिक शौचालय आणि दाटी यांची किंमत एवढ्या स्पष्टपणे क्वचितच मांडली गेली असेल.

या भूमिकेवरचा आक्षेप असा की नकाशा जितका नेमका, तितका तो कोणाच्याही हाती उपयोगी पडतो. शौचालय बांधणाऱ्याला जो नकाशा लागतो, तोच पाडकाम करणाऱ्यालाही चालतो.

दुसरी भूमिका : वस्तीनेच वस्ती अभ्यासावी

मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ मध्ये संशोधन हा प्रत्येक माणसाचा हक्क असल्याचे प्रतिपादन केले. आपल्या आयुष्यावर परिणाम करणारी माहिती शोधण्याची क्षमता काही मोजक्या पदवीधरांपुरती राहू नये, असा त्याचा रोख आहे. त्यांनी मुंबईत सुरू केलेली 'पुकार' ही संस्था वस्त्यांतील तरुणांना संशोधनाचे प्रशिक्षण देत आली आहे.

कौला बंदरचे काम इथे तपशिलात पाहण्यासारखे आहे. रे रोडजवळ, मुंबई बंदराच्या मालकीच्या जमिनीवर ही वस्ती आहे. जमीन केंद्राच्या अखत्यारीत असल्याने वस्ती राज्याच्या कायद्याखाली 'घोषित' झाली नाही आणि घोषित नसल्याने अधिकृत नळ नव्हता. अग्निशमनासाठीच्या जलवाहिन्यांतून मोटर लावून पाणी उपसणारे खासगी पुरवठादार गल्लीगल्लीतून लांबच लांब पाइप टाकत आणि लोक ते पाणी घरासमोरच्या ड्रममध्ये साठवत. 'पुकार'चे स्थानिक संशोधक आणि डॉक्टर यांनी मिळून या पाण्याचा हिशेब मांडला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हजार लिटरला महापालिकेचा दर २ रुपये २५ पैसे असताना कौला बंदरमधील कुटुंबे त्याच्या ५२ ते २०६ पट पैसे मोजत होती. काही हंगामांत ९५ टक्के लोकांना माणशी दिवसाला ५० लिटर पाणीही मिळत नव्हते. गरिबाला पाणी फुकट हवे असते, हा समज त्या हिशेबापुढे टिकत नाही.

याच वस्तीत मानसिक आरोग्याचाही अभ्यास झाला. २०१४ च्या निबंधानुसार सुमारे २३ टक्के प्रौढांना नैराश्य-चिंतेसारख्या विकारांचा मोठा धोका होता. गरिबीचा परिणाम वेगळा काढल्यावरही पाणी, शौचालय, विस्थापनाची भीती अशा रोजच्या अडचणींचा ताण स्वतंत्रपणे दिसत होता. हा प्रश्न वस्तीबाहेरच्या अभ्यासकाला सुचलाच असता असे नाही.

'कोरो' या चेंबूरच्या संघटनेशी जोडलेल्या स्त्रियांनी २०११ पासून सार्वजनिक मुताऱ्यांची पाहणी केली. पुरुषांना लघवीसाठी पैसे पडत नाहीत आणि स्त्रियांकडून घेतले जातात, हे त्यांनी ठिकठिकाणी नोंदवले आणि 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली. रोज भोगलेली गोष्ट आकड्यांत मांडली गेली तेव्हा महापालिकेला तिच्यावर बोलावे लागले.

या भूमिकेच्या मर्यादा तिचे समर्थकही मान्य करतात. वस्ती एकसंध नसते. पुढारी, जुने रहिवासी, एखादी जात किंवा एका गावाहून आलेले लोक मोजणीवर आपली छाप पाडू शकतात. घरातल्या मारहाणीबद्दल बाई ओळखीच्या शेजारणीपुढे बोलेलच असे नाही. कधी परका माणूसच बरा वाटतो. शिवाय स्थानिक संशोधकाला मिळणारे मानधन आणि निबंधावरचे नाव यांत न्याय होतो का, हा प्रश्न असतोच.

तिसरी भूमिका : उपाय तपासून घ्या

तिसरा गट विचारतो : स्थिती कळली, पण उपाय लागू पडतो हे कशावरून? त्यासाठी वस्त्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करावी, काहींत उपाय राबवावा, काहींत नाही आणि फरक मोजावा.

'स्नेहा' ही संस्था शीव रुग्णालयातील नवजात-शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये स्थापन झाली. तिने मुंबईच्या ४८ वस्ती-समूहांत स्त्रियांचे गट बांधून बाळंतपणाची काळजी सुधारते का, हे तपासले. झारखंड-ओडिशात अशाच गटांमुळे नवजात मृत्यू लक्षणीय घटल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले होते. मुंबईचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला : अपेक्षित फरक पडला नाही. बहुतेक बाळंतपणे इथे आधीच रुग्णालयात होत होती. अशा ठिकाणी पुढची सुधारणा रुग्णालयाच्या आत व्हायला हवी, गटाच्या बैठकीतून ती होण्याची शक्यता मर्यादित. स्वतःच्या कामाचा असा निकाल संस्थेने उघडपणे मांडला, ही दाद देण्याजोगी गोष्ट आहे. नंतर ४० समूहांत वस्ती-केंद्रांचा प्रयोग झाला. २०१७ च्या निष्कर्षानुसार कुटुंबनियोजनाची गरज अधिक प्रमाणात भागली, पण संपूर्ण लसीकरणात स्पष्ट फरक दिसला नाही.

घरांच्या सोडतींनीही आपोआप प्रयोग घडवले. अहमदाबादमध्ये सोडतीत शहराच्या कडेला घर लागलेल्या कुटुंबांचा चौदा वर्षांनंतर अभ्यास झाला (प्रकाशन २०१७). घर चांगले झाले, पण उत्पन्न किंवा मुलांची प्रगती यांत फरक नव्हता. नातलग आणि जातभाईंपासूनचे अंतर वाढले होते. सुमारे एक तृतीयांश विजेते तिथे राहायला गेलेच नाहीत आणि जवळपास तितकेच नंतर सोडून आले. उलट मुंबईत म्हाडाच्या सोडतीतील विजेत्यांवरील तनु कुमार यांच्या संशोधनात शिक्षण आणि स्थानिक नागरी सहभाग वाढल्याचे दिसले. दोन्हींत फरक आहे : म्हाडाचे घर भाड्याने देण्याची मोकळीक होती आणि अर्जदारही अहमदाबादच्या झोपडपट्टीवासीयांइतके गरीब नव्हते. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या अशा प्रयोगातही मोठ्यांच्या कमाईत फरक पडला नव्हता. लहान वयात स्थलांतर केलेल्या मुलांची कमाई मात्र मोठेपणी वाढल्याचे २०१६ मध्ये कळले.

प्रयोगांवरचे दोन आक्षेप महत्त्वाचे आहेत. उपाय न मिळणाऱ्या वस्त्यांना वाट पाहायला लावणे कितपत योग्य? आणि जमिनीची मालकी, पाण्याचा कायदा, कचरा डेपोची जागा अशा गोष्टी चिठ्ठी टाकून वाटता येत नाहीत. मग मोजता येतील असेच छोटे उपाय चर्चेत राहण्याचा धोका उरतो.

चौथी भूमिका : माहितीचा तुटवडा हाच प्रश्न आहे का?

चौथा गट संशोधनाच्या उपयोगाविषयीच शंका घेतो. त्यांच्या मते अधिकाऱ्यांना नळ नाही हे माहीत असते. नळ देण्याची परवानगी नसते किंवा इच्छा नसते. अशा वेळी आणखी एक पाहणी म्हणजे निर्णय लांबवण्याची सोय. त्याच त्या वस्तीत संस्था, कॉलेजे आणि सरकारी खाती पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात, अहवाल इंग्रजीत निघतो आणि गल्लीत परत येत नाही.

दुसरी शंका प्रतिमेची. सतत व्यसन, गुन्हे, रोग, शाळागळती एवढेच मोजले तर एम-पूर्वमधल्या 'गोवंडीचा' म्हटल्यावर नोकरी देणारा दचकतो. आदिवासी अभ्यासक ईव्ह टक यांनी २००९ मध्ये उत्तर अमेरिकेच्या संदर्भात, केवळ जखमा दाखवणाऱ्या संशोधनाला आवर घालण्याचे आवाहन केले. ते इथेही लागू पडते.

तिसरी शंका सत्तेची. मुंबईच्या वाहतूक प्रकल्पात रेल्वेमार्गालगतच्या आणि रस्त्यांच्या आड येणाऱ्या हजारो कुटुंबांचे पुनर्वसन झाले, त्यात वस्तीने केलेल्या गणनेचा मोठा वाटा होता. पण २००४ मध्ये सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्यालगतच्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी जागतिक बँकेच्या तपासणी समितीकडे तक्रारी केल्या. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा निधी काही महिन्यांसाठी थांबवला. मोजणी कोणीही केली तरी चुकीच्या नोंदीविरुद्ध दाद मागण्याची जागा लागते, हा त्यातला धडा. धारावीत २०२४ मध्ये सुरू झालेल्या घरोघरच्या सर्वेक्षणाच्या वेळीही काही रहिवाशांनी सहकार्य केले आणि काहींनी पात्रतेच्या अटी आधी स्पष्ट करा म्हणून नकार दिला. दोन्ही प्रतिसादांमागे अनुभव आहे.

कुठे एकमत होत आहे

वाद असले तरी काही मुद्द्यांवर सर्व बाजू जवळ आल्या आहेत.

पहिला : वस्तीची कायदेशीर स्थिती ही आरोग्याची बाब आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, 'पाणी हक्क समिती'च्या याचिकेवर, पात्रतेच्या तारखेनंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही असे म्हटले. महापालिकेने २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणले. अशा बदलांमागे लढा, याचिका आणि अभ्यास तिन्ही होते.

दुसरा : नवे घर म्हणजे आपोआप चांगले जगणे नव्हे. एम-पूर्वमधील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा 'डॉक्टर्स फॉर यू' आणि आयआयटी मुंबई यांनी २०१८ च्या सुमारास अभ्यास केला. पहिल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण पीएमजीपेक्षा कितीतरी जास्त निघाले. तिथे इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. खालच्या मजल्यावर खिडकी उघडली की समोरची भिंत. ऊन येत नाही, वारा खेळत नाही, भर दुपारी दिवा लावावा लागतो. झोपडी गेली, पक्के घर आले आणि खोकला राहिला. कागदावर या कुटुंबांचे पुनर्वसन 'पूर्ण' झाले होते.

तिसरा : मिश्र पद्धत चालते. आकडा बाहेरच्यांना पटवतो, मुलाखत कारण सांगते आणि स्थानिक संशोधक कोणता प्रश्न विचारायचा ते शिकवतो.

न सुटलेले प्रश्न

सर्वांत अवघड प्रश्न गणनेच्या एककाचा. बहुतेक सर्वे बांधकाम मोजतात : एक झोपडी, एक नंबर, एक मालक. भाडेकरू, पोटमाळ्यावर राहणारे कामगार, एकल स्त्रिया, हंगामी मजूर यात निसटतात. सर्वांत बिकट अवस्थेतले लोक मोजणीतच नसतील, तर सुधारणेचा आकडा फसवा ठरतो. २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने तुलनेचा आधारही कमकुवत झाला.

दुसरा प्रश्न माणसाचा की जागेचा. वस्ती सुधारायची की कुटुंबाला बाहेर पडायला मदत करायची? अहमदाबाद आणि म्हाडा यांचे निष्कर्ष वेगवेगळे आहेत. रोजगाराजवळ राहण्याचे मोल, शेजाराचा आधार आणि घराचा दर्जा यांचे वजन कसे करायचे, याची सर्वमान्य पट्टी अजून नाही.

तिसरा प्रश्न काळाचा. अनुदान दोन-तीन वर्षांचे असते, पण परिणाम दिसायला एक पिढी जाते. अहमदाबादचा निष्कर्ष चौदा वर्षांनी हाती आला. अशा फेरपाहणीसाठी पैसे देणारा मिळणे कठीण आणि तीन वर्षांनी निघून गेलेल्या संशोधकांच्या माघारी कामाचे काय होते, हे क्वचितच नोंदले जाते.

चौथा प्रश्न माहितीच्या मालकीचा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीसाठी सवलत आहे. अट अशी की त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीविषयी विशिष्ट निर्णय घेतला जाऊ नये. पात्रतेचा सर्वे तर नेमका असाच निर्णय घेण्यासाठी असतो. एकाच संस्थेने, एकाच भेटीत दोन्ही कामे केली तर रेघ कुठे ओढायची, हे अजून स्पष्ट नाही.

पाचवा प्रश्न श्रेयाचा. एखाद्या गल्लीत नळ आला तो अभ्यासामुळे, न्यायालयामुळे, नगरसेवकामुळे की मोर्च्यामुळे? हे वेगळे काढता येत नाही, तोवर 'संशोधनाचा उपयोग झाला' हे विधान जपून करावे लागेल.

समारोप

शतकभराच्या अनुभवातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या पाहणीच्या निष्कर्षाला उत्तर देणे कोणावर तरी बंधनकारक होते, तिने जगण्यात फरक पाडला. 'महिला मिलन'ची यादी वाटाघाटीच्या टेबलावर गेली, शौचालयांचा नकाशा थेट बांधकामात उतरला, 'स्नेहा'ने स्वतःच्या प्रयोगाचा निकाल स्वतःच स्वीकारून काम बदलले. जिथे असे उत्तर देणारे कोणी नव्हते, तिथे उत्तम पद्धतीचा अभ्यासही ग्रंथालयात राहिला. पद्धतीवरचा वाद आवश्यक आहे, पण उत्तरदायित्वाचा प्रश्न त्याच्याही आधी येतो.

म्हणून विद्यापीठे, संस्था आणि पालिका या तिघांनाही एक विनंती. पुढची पाहणी सुरू करण्याआधी एका पानावर, मराठी, हिंदी, उर्दू, तमीळ अशा वस्तीच्या भाषांत लिहून लावा : ही माहिती कोणाला मिळणार, चूक असल्यास दुरुस्ती कुठे होणार, निष्कर्ष वस्तीला कधी वाचून दाखवणार आणि त्यावर कोणता अधिकारी, किती दिवसांत उत्तर देणार. आणि वाचकहो, तुमच्या दारी सर्वेवाला आला, मग तुम्ही चाळीत राहत असाल, झोपडीत की सोसायटीत, तर माहिती देण्याआधी हे चार प्रश्न जरूर विचारा. विचारणे हा तुमचा हक्क आहे.